देवाचा करार, कटांची यादी

आजीच्या शेवटच्या यात्रेचं चित्रीकरण अणदूरच्या एका स्टुडिओनं केलं होतं. ती गेल्यावर मी एडिटिंगची फाइल पेनड्राइव्हवर मागून घेतली आणि पुण्यात आल्यावर उघडली. टाइमलाइनवर सगळे कट जागच्या जागी होते, पण पडद्यावर लाल पाटी : 'मीडिया ऑफलाइन'. मूळ चित्रीकरण स्टुडिओच्या संगणकावर राहिलं होतं आणि तो संगणक मध्यंतरी फॉरमॅट झाला होता.

एडिटिंगच्या प्रोजेक्टमध्ये चित्र नसतंच. त्यात असतात पत्ते आणि निर्णय : अमुक ड्राइव्हवरच्या अमुक फोल्डरातली क्लिप, इथून इथपर्यंत, या जागी. संगणक बदलला की पत्ते चुकतात. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये लिहिलेली शीर्षकं असतील, तर नव्या संगणकावर 'शुभविवाह'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो.

ही फारकत संगणकांच्याही आधीची. फिल्मच्या काळात संकलक मूळ निगेटिव्हला हात लावत नसे. तो कामापुरती काढलेली प्रिंट कापायचा. मग फिल्मच्या कडेला छापलेल्या आकड्यांवरून निगेटिव्ह जुळवलं जायचं. 1971 साली सीबीएस आणि मेमोरेक्स यांच्या सीएमएक्स कंपनीनं संगणकावर चालणारी सीएमएक्स 600 ही यंत्रणा आणली. तिच्यावर निर्णय घ्यायचे धूसर, कृष्णधवल चित्र पाहून. बाहेर पडायची ती कटांची यादी, छिद्रं पाडलेल्या कागदी पट्टीवर. ती पट्टी आणि मूळ टेप दुसऱ्या खोलीत नेल्या की तिथं पक्की प्रत तयार व्हायची. या याद्यांचा ईडीएल हा साचा आजही चालतो : एका ओळीत टेपचं नाव, कटाचा प्रकार आणि चार वेळा. त्यानंतर ओएमएफ, एएएफ, एक्सएमएल आणि पिक्सारनं सगळ्यांसाठी खुलं केलेलं ओपनटाइमलाइनआयओ आलं. साचे बदलले, तरी प्रश्न तोच राहिला : यादीबरोबर काय काय पाठवायचं, हे आधी कुणी ठरवलं होतं का?

अणदूरकराला हा प्रश्न नवा नाही. आमचा खंडोबा एक आणि देवळं दोन. सव्वादहा महिने देव अणदुरात असतो, पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपुरात. देव नेताना-आणताना दोन्ही गावांत लेखी करार होतो. नुसत्या विश्वासावर देव हलत नाही.

मी रोज सर्व्हर हलवतो, आणि तरी पेनड्राइव्ह घेताना एवढंही विचारलं नाही. 'सगळ्या फाइली गोळा करून द्या' म्हणालो असतो, तरी पुरलं असतं. प्रीमियरमध्ये त्यासाठी प्रोजेक्ट मॅनेजर आहे, रिझॉल्व्हमध्ये अर्काइव्हची सोय आहे.

प्रीमियरची फाइल म्हणजे दाबून बसवलेलं एक्सएमएल. मी ती उलगडून वाचली. क्लिपांची नावं कॅमेऱ्यानं दिलेले नुसते आकडे. पण एका क्लिपचा वेग निम्मा केला होता आणि ती अकरा सेकंद पडद्यावर ठेवली होती. म्हणजे भारतातल्या हिशेबानं, सेकंदाला 25 प्रमाणे, 275 फ्रेम. बाकी कुठल्याच क्लिपवर एडिटर असा थांबला नव्हता.

ती क्लिप आजीचीच असणार, असं मी धरून चाललोय.