उसाच्या पट्ट्यात गाडी उभी करताय? मोटरहोममध्ये उंदीर शिरू नयेत म्हणून काय कराल?

भिगवणला फ्लेमिंगो पाहायचे, परतीच्या वाटेवर दौंड तालुक्यात एखाद्या शेतावर मुक्काम करायचा. किंवा रांजणगावच्या महागणपतीचे दर्शन घेऊन शिरूरजवळ ओळखीच्यांच्या वस्तीवर गाडी लावायची. मोटरहोम, म्हणजे झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन असे फिरणारे लोक आता आपल्याकडेही दिसू लागले आहेत. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. काहीजण टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग आणि ओटा बसवून घेतात.

या गाड्यांचा सगळ्यात चिवट पाहुणा म्हणजे उंदीर. तो वायरी कुरतडतो, गादीचा फोम उपसतो, गॅसची रबरी नळीही सोडत नाही. मग घाईघाईत गाडीत औषध टाकले जाते आणि खरा धोका तिथे सुरू होतो. ज्या गाडीत माणसे झोपतात, तिथे विष हा उपाय नाही. भोके बुजवणे, खाणे उघडे न ठेवणे आणि गाडी योग्य जागी लावणे, हेच तीन उपाय टिकतात.

शिरूर-दौंडमध्येच एवढा त्रास का?

दौंड तालुक्याला भीमा नदीचे आणि मुठा उजव्या कालव्याचे पाणी मिळते. शिरूरला भीमा आणि घोड या नद्यांचे पाणी आहे, शिवाय चासकमानचा कालवा आहे. त्यामुळे दोन्ही तालुक्यांत ऊस मोठ्या प्रमाणावर आहे. वर्षभर उभा असलेला ऊस उंदरांना सावली, लपायला जागा आणि खायला गोड कांडी, असे सगळे एकाच ठिकाणी देतो.

गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. तोड झाली की शेत एका दिवसात उघडे पडते आणि तिथले उंदीर आसऱ्यासाठी बांधाकडे, शेजारच्या फडात, गोठ्यात किंवा घरात सरकतात. शेताला लागून गाडी उभी असेल तर तीही त्यांच्या वाटेत येते. फिरायला निघण्याचा थंडीचा मोसमही नेमका हाच. म्हणून मुक्कामाची जागा ठरवताना यजमानांना एक प्रश्न जरूर विचारा : "शेजारच्या उसाला तोड कधी आहे?"

गाडीत नेमके कोण शिरते?

उसाच्या बांधात बिळे करणारी लहान घूस, शास्त्रीय भाषेत बँडिकोटा बेंगालेन्सिस, ही मुख्यतः उकरणारी आहे. ती गाडीखाली माती काढून ठेवेल, पण चढण्यात फार पटाईत नाही. चाकावरून इंजिनमध्ये चढणारा असतो तो बहुतेक वेळा घरातला काळा उंदीर. केबिनमध्ये, कपाटात सापडते ती छोटी उंदरी. लहान उंदराला ६ मिलिमीटरची फट पुरते, म्हणजे पेन्सिल जाईल एवढी. मोठ्या उंदराला साधारण १२ मिलिमीटर पुरतात.

चिचुंद्री दिसली तर घाबरू नका. ती उंदीर नव्हेच. तिचा वास उग्र असतो, पण ती मुख्यतः किडे खाते, वायरी कुरतडत नाही.

उंदीर वायर का कुरतडतो? भूक हे कारण नसते. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवण्यासाठी त्याला सतत काहीतरी कुरतडावे लागते. त्यात इंजिनची ऊब, अंधार आणि आडोसा मिळाला की घरटे ठरलेले. उंदरी तीन आठवड्यांत विते. त्यामुळे महिनाभर न हलवलेल्या गाडीत एकाचे कुटुंब होऊ शकते.

उंदीर आल्याच्या खुणा

• लेंड्या : लहान उंदराच्या तांदळाच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून बारीक, मोठ्या उंदराच्या एक ते दीड सेंटिमीटरच्या.
• इंजिनवर शेंगांची टरफले, पाचट, कापसाचे किंवा फोमचे तुकडे.
• बंद केबिनमध्ये लघवीचा तिखट वास, विशेषतः एसी सुरू केल्यावर.
• पाईपच्या कडेने काळपट, तेलकट पट्टा. उंदीर रोज एकाच वाटेने जातो, त्याचे अंग घासून हा डाग पडतो.
• डॅशबोर्डवर अचानक दिवे लागणे, इंडिकेटर किंवा पंखा बंद पडणे.

वायर कुरतडल्याची शंका असेल तर गाडी सुरू करू नका. उघड्या पडलेल्या तारा एकमेकींना लागून आग लागू शकते. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि इलेक्ट्रिशियनला दाखवा. दुरुस्तीपूर्वी फोटो काढून विमा कंपनीला कळवा. उंदराने केलेल्या नुकसानाबद्दल प्रत्येक पॉलिसीची अट वेगळी असते, ती आधीच वाचून ठेवलेली बरी.

पहिला उपाय : भोके शोधा आणि बुजवा

मोटरहोमला साध्या कारपेक्षा जास्त भोके असतात, कारण पाणी, वीज आणि गॅस यांच्या नळ्या तळातून आत येतात. दिवसा गाडीखाली वाकून पाहा. किंवा रात्री आतला दिवा लावा आणि बाहेरून कुठून उजेड येतो ते बघा. विशेषतः या जागा तपासा :

• सिंकचे सांडपाणी जिथून बाहेर जाते ते भोक
• बाहेरून विजेची केबल जोडण्याची जागा
• चाकांच्या वरचे पत्रे आणि इंजिन व केबिन यांच्यामधल्या पत्र्यातली भोके
• एसीसाठी बाहेरची हवा घेणारे तोंड
• दरवाजांचे झिजलेले रबर

बुजवण्यासाठी नुसता फोम वापरू नका, उंदीर तो रात्रीत पोखरतो. भांडी घासायची स्टेनलेस स्टीलची घासणी भोकात घट्ट कोंबा आणि वरून सीलंट भरा. मोठ्या भोकांना ६ मिलिमीटरपेक्षा बारीक छिद्रांची तारेची जाळी स्क्रूने बसवा. बॅटरी आणि उघड्या जोडण्यांजवळ मात्र धातूची घासणी नको, शॉर्ट सर्किट होईल.

एक भोक मात्र कधीही बुजवू नका : गॅस सिलिंडरच्या कप्प्याच्या तळातले. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली उतरून याच भोकातून बाहेर जातो. ते बंद केले तर गॅस गाडीत साचेल. तिथे आणि फ्रिजच्या हवेच्या झडपांना फक्त जाळी लावा. नुसत्या रबरी नळीऐवजी आत तारेची वीण असलेली, आयएसआय चिन्हाची नळी वापरा आणि प्रत्येक प्रवासाआधी साबणाचे पाणी लावून गळती तपासा.

दुसरा उपाय : खाणे उघडे ठेवू नका

प्लॅस्टिकच्या पिशवीतले शेंगदाणे, तांदूळ, बिस्किटे उंदराला लांबूनही कळतात. सगळे सामान घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत ठेवा. कचऱ्याची पिशवी रात्री गाडीत नको आणि गाडीखालीही नको. खरकटी भांडी रात्रीच घासा. कुत्रा सोबत असेल तर त्याचे खाणेही झाकून ठेवा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर डबेसुद्धा घरी न्या. टिश्यू पेपर, जुने कपडे, पुठ्ठ्याची खोकी काढून टाका, कारण त्यातूनच घरटे बनते.

तिसरा उपाय : गाडी कुठे लावता?

उसाच्या फडाला, कडब्याच्या गंजीला, कांदा चाळीला, पेंडीच्या पोत्यांना किंवा कोंबड्यांच्या शेडला लागून गाडी लावू नका. मोकळी, टणक जमीन निवडा. गाडीभोवती निदान तीन-चार मीटर गवत आणि पाचट नसावे. टपाला टेकलेली फांदी म्हणजे उंदरांसाठी पूल. बाहेरून घेतलेली विजेची केबलही तशीच, गरज संपली की काढून ठेवा. बरेच दिवस उभी राहणारी गाडी आठवड्यातून एकदा सुरू करा आणि थोडी हलवा. त्याआधी बॉनेट उघडून आत पाहा.

शिरूर तालुक्यातल्या उसात बिबट्यांचा वावर आहे. रात्री खुडबूड ऐकू आली तरी एकट्याने बॅटरी घेऊन गाडीखाली वाकू नका. तपासणी सकाळी करा.

सापळा लावायचा तर कसा?

आत शिरलेला उंदीर काढण्यासाठी चाप किंवा पिंजरा हेच सुरक्षित साधन आहे. उंदीर नवीन वस्तूला बिचकतो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस चाप न ताणता नुसते खाणे ठेवा, मग ताणा. शेंगदाणा आणि गूळ एकत्र कुटून लावला तर तो ओढून नेता येत नाही. उंदीर कडेकडेने चालतो, म्हणून सापळा भिंतीला लागून ठेवा. रोज पाहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. चिकट पुठ्ठे टाळा. त्यावर पाली आणि पाखरेही अडकतात आणि तडफडून मरतात.

विष का नको?

ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांनी उंदीर लगेच मरत नाही, काही दिवसांनी मरतो. तो नेमका पत्र्याच्या किंवा छताच्या पोकळीत मेला तर सगळी गाडी उघडावी लागते. झिंक फॉस्फाइडची काळपट भुकटी पोटात गेली की विषारी फॉस्फिन वायू तयार होतो. त्यावर उतारा नाही आणि ते लहान मुलांच्या किंवा कुत्र्याच्या पोटातही जाऊ शकते.

सर्वांत घातक म्हणजे धान्यात ठेवायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. हवेतल्या ओलाव्यानेही त्यांतून फॉस्फिन बाहेर पडतो आणि तो फटींमधून पलीकडच्या खोलीतही जातो. बंद जागेत झोपलेली माणसे यातून दगावू शकतात. म्हणूनच या गोळ्या सर्वसामान्यांनी वापरायच्या नाहीत, असा आपल्याकडे नियम आहे. हा वायू तांब्यालाही गंजवतो, म्हणजे ज्या वायरी वाचवायच्या त्याच खराब होतात. गाडीत, गाडीखाली किंवा शेजारच्या बिळात या गोळ्या कधीही टाकू नका. ज्या शेतावर मुक्काम आहे तिथे बिळांत गोळ्या टाकल्या असतील तर गाडी दूर न्या.

असे कुठलेही विष पोटात किंवा श्वासात गेल्याची शंका आली तर लक्षणांची वाट पाहू नका. मोकळ्या हवेत या, १०८ ला फोन करा आणि औषधाचे पाकीट डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.

तंबाखू, डांबरगोळ्या, आवाजाचे यंत्र : खरे काय?

बॉनेटखाली तंबाखूची पाने ठेवणे हा आपल्याकडचा लोकप्रिय उपाय. वास ताजा असेपर्यंत थोडा उपयोग होत असेलही, पण वास उडतो आणि उंदीर सरावतो. डांबरगोळ्या झोपण्याच्या जागेत नकोत. नॅफ्थालिनची वाफ त्रासदायक असते आणि मुले गोळी तोंडात घालू शकतात. कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या यंत्रांबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्येच ६० हून अधिक उत्पादक आणि विक्रेत्यांना इशारा दिला होता : दावे करायचे तर शास्त्रीय पुरावा हवा. वायरींना गुंडाळायची मिरचीच्या तिखटाची टेप मिळते. ती पूरक म्हणून चालेल, पण भोके बुजवण्याची जागा घेऊ शकत नाही.

सफाई करताना घ्यायची काळजी

लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ श्वासात जाते. अर्धा तास दारे-खिडक्या उघडी ठेवा. हातमोजे आणि मास्क घाला. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे द्रावण शिंपडून पाच मिनिटांनी कागदाने पुसा. वायरींवर मात्र ते टाकू नका. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, त्याचे जंतू जखमेतून शरीरात शिरतात. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे झाले तर डॉक्टरांना उंदराची सफाई केल्याचे आवर्जून सांगा. लघवीचा वास राहिला तर दुसरा उंदीर त्याच वाटेने येतो, म्हणून दुरुस्तीनंतर ही सफाई टाळू नका.

बाकीचे पाहुणे

झुरळे बहुतेकदा पुठ्ठ्याच्या खोक्यांतून आणि कांद्या-बटाट्याच्या पिशव्यांतून येतात. सामान बाहेरच रिकामे करा आणि कपाटांच्या कोपऱ्यांत जेलचे ठिपके लावा. मुंग्यांची रांग केबलवरून किंवा जॅकवरून चढते, ती वाट साबणाच्या पाण्याने पुसा. कुंभारीण माशी पाईपच्या तोंडात मातीचे घर करते. गॅसची उपकरणे सुरू करण्याआधी त्यांची धुराडी मोकळी आहेत का ते पाहा.

उंदरांमागोमाग साप येतो. धामण बिनविषारी असते, पण नाग आणि घोणसही उंदीर खातात. बॉनेटखाली किंवा चाकाजवळ साप दिसला तर काठी घालू नका. लांब उभे राहा आणि वन विभागाला किंवा जवळच्या सर्पमित्राला बोलवा. धामण आणि गव्हाणी घुबड शेतातले कितीतरी उंदीर खातात. विष खाल्लेला उंदीर त्यांच्या पोटात गेला तर तेही मरू शकतात, आणि पुढच्या हंगामात उंदीर आणखी वाढू शकतात.

निघण्याआधी पाच मिनिटांची तपासणी

१. बॉनेट उघडून टरफले, पाचट, कुरतडलेल्या वायरी पाहा.
२. गॅसच्या नळीला साबणाचे पाणी लावा.
३. तळातल्या जाळ्या जागेवर आहेत का ते बघा.
४. कपाटांच्या कोपऱ्यांत लेंड्या शोधा.
५. मुक्कामाच्या जागी शेजारच्या उसाची तोड आणि बिळांतल्या गोळ्या, दोन्हींची चौकशी करा.