तंबोरा व वीणा : साधी आणि उंची घडण

तंबोरा आणि वारकरी वीणा ही गायनाला षड्जाची अखंड साथ देणारी तंतुवाद्ये होत. एकाच आकाराचे व एकाच गावात घडलेले दोन तंबोरे बाजारात शेजारी ठेवलेले असतात. त्यांच्या किंमतींत मात्र कित्येक पटींचे अंतर असते. हे अंतर लाकडाचे आहे, नक्षीचे आहे की हाताच्या कसबाचे, हा प्रश्न केवळ ग्राहकाचा नाही. महाराष्ट्रातील एका जुन्या कारागिरीचा इतिहास त्याच्याशी निगडित आहे. या वाद्यांची निर्मिती मुख्यत्वे मिरज (सांगली जिल्हा) येथे होते. हिंगोलीसारख्या दूरच्या जिल्ह्यात, जेथे वीणा घरोघरच्या परिचयाची परंतु ती दुरुस्त करणारा हात जवळ नाही, तेथे या प्रश्नाचे दुसरे अंग दिसते.

मिरजेचा वाद्यव्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, सु. १८५० च्या आसपास, उदयास आला. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयामुळे तेथे गवयांची ये-जा असे. शस्त्रांना धार व झिलई देणारी शिकलगार घराणी तेथे होती. इंग्रजी अंमलात शस्त्रांचे काम संपुष्टात आले, तेव्हा यांपैकी काही कारागीर वाद्यांच्या दुरुस्तीकडे व पुढे निर्मितीकडे वळले. फरीदसाहेब यांचे नाव या परंपरेचे मूळ पुरुष म्हणून घेतले जाते. ‘सतारमेकर’ हे आडनाव याच व्यवसायातून रूढ झाले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) मिरजेत स्थायिक झाल्यावर या कारागिरांना अत्यंत चोखंदळ कानाचा ग्राहक लाभला. खाँसाहेब स्वतः वाद्यदुरुस्तीत निष्णात होते. कारागीर आणि गवई यांच्यातील या नित्य संवादाला मिरजेच्या कीर्तीचे बरेचसे श्रेय द्यावे लागेल. लाकूड आणि भोपळा इतरत्रही मिळत होता.

साध्या वाद्याची मागणी विसाव्या शतकात वाढली. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि संगीतशिक्षण गुरुगृहातून शाळेच्या वर्गात आले. पूर्वी तंबोरा गवयाच्या किंवा दरबाराच्या मालकीचा असे. आता तो मध्यमवर्गीय विद्यार्थ्याच्या घरी आला. त्याला ऐपतीत बसेल असे वाद्य हवे होते. अशा रीतीने विद्यार्थ्याचा तंबोरा व मैफलीचा तंबोरा असे दोन प्रकार कारखान्यात वेगळे पडले.

दोहोंची सामग्री नावाने एकच असते. दांडी व तबली तूण वृक्षाच्या लाकडाची आणि तुंबा कडू भोपळ्याचा. हे भोपळे प्रामुख्याने पंढरपूर-मंगळवेढे भागातील शेतकरी पिकवितात. वाद्यासाठी साल जाड, पोट गोल आणि आकार मोठा असा भोपळा लागतो. तो वेलावर पुरता पिकू द्यावा लागतो व नंतर कित्येक महिने सुकवावा लागतो. सारख्या गोलाईचा मोठा भोपळा विरळाच निघतो, त्यामुळे तो उंची वाद्यासाठी राखून ठेवला जातो. उरलेल्यांतील लहान, एका बाजूस चेपलेले किंवा पातळ सालीचे भोपळे साध्या वाद्यांच्या वाट्याला येतात. लाकडाचेही तसेच आहे. मुरलेले लाकूड वाकत नाही, पण ते मुरेपर्यंत भांडवल अडकून राहते. स्वस्त वाद्यात ही प्रतीक्षा कमी केलेली असते आणि दोन-तीन उन्हाळ्यांनंतर दांडीला बाक येऊन त्याची किंमत मोजावी लागते. तबलीची जाडी हा आणखी नाजूक भाग. ती जाड ठेवली तर वाद्य टिकते पण नाद दबतो. फार पातळ केली तर तारांच्या ताणाने घोडीखाली खचते. कारागीर ती बोटांनी ठोकून, कानाने अजमावीत तासतो. घाईच्या कामात ती थोडी जाडच सोडली जाते, कारण जाड तबलीची तक्रार घेऊन कोणी परत येत नाही.

तथापि तंबोऱ्याचा खरा गुण जवारीत असतो. घोडीचा माथा सपाट नसून त्यास अत्यंत सौम्य असा उतार दिलेला असतो. छेडलेली तार या उतारावर क्षणोक्षणी टेकते व सुटते. तारेखाली सुताचा धागा योग्य जागी सरकविला, की मूळ स्वराबरोबर अनेक उपस्वर झणत्काराने उमटू लागतात. तारेच्या ज्या बिंदूवर एखादा उपस्वर निस्पंद असतो तेथेच ती छेडली, तर तो उपस्वर ऐकू येऊ नये, असा भौतिकीतील नियम आहे. तंबोरा व वीणा यांच्या बाबतीत तो लागू पडत नाही, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले. हा चमत्कार घोडीच्या वक्र माथ्यामुळे घडतो. उतार किती द्यावा याचे मोजमाप नाही. कारागीर कानस व पॉलिश-कागद घेऊन एकेका तारेखाली घासतो, तार चढवितो, ऐकतो, पुन्हा उतरवितो. खुली, बंद किंवा गोल जवारी गवयाच्या आवाजाप्रमाणे ठरते. उंची तंबोऱ्याची जवारी गाणाऱ्यासमोर किंवा निदान त्याची पट्टी ठाऊक असताना लावली जाते. साध्या तंबोऱ्याची जवारी कोणासाठीच लावलेली नसते; ती केवळ बोलावी एवढी घासलेली असते. किंमतीतील न्याय्य फरकाचा सर्वांत मोठा वाटा या श्रमाचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नक्षीची गोष्ट निराळी. गळ्याशी व तबलीच्या कडेला पानाफुलांची जडणघडण असलेला तंबोरा डोळ्यांना समृद्ध वाटतो व महागही पडतो, परंतु नादात तिची काही भर पडत नाही. पूर्वी या कामात हस्तिदंत, तर घोडीसाठी सांबराचे शिंगही वापरीत. १९७२ चा वन्य जीव संरक्षण अधिनियम व त्यातील पुढील सुधारणा यांमुळे हे पदार्थ मागे पडले. त्यांची जागा उंटाच्या हाडाने व कृत्रिम द्रव्यांनी घेतली आहे. जुन्या हस्तिदंती वाद्यांना आजही जे मोल दिले जाते ते पुष्कळदा संग्राहकाचे असते, गवयाचे नव्हे.

पाश्चात्त्य विद्युत् गिटारीच्या इतिहासात हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला. तेथे तारेचे कंपन चुंबकीय वेटोळ्यांकडून विद्युत् संकेतात रूपांतरित होते व ध्वनिवर्धकातून ऐकू येते. भरीव लाकडाचे अंग यंत्राने हुबेहूब कापता येते. त्यामुळे उंची गिटारीच्या जवळ जाणारी स्वस्त गिटार कारखान्यात तयार करणे शक्य झाले. गिब्सनच्या मालक-संस्थेने १९५७ मध्ये एपिफोन ही प्रतिस्पर्धी कंपनी घेतली आणि पुढे गिब्सनच्या रचनेच्या अल्पमोली गिटारी त्या नावाखाली आशियात बनू लागल्या. फेंडर कंपनीने १९८२ पासून जपानात घडविलेल्या आपल्या स्वस्त गिटारींना स्क्वायर हे नाव दिले. मिरजेत असे दुसरे नाव नाही. एकच कारागीर, एकाच आडनावाखाली, दोन्ही प्रती घडवितो आणि साध्या वाद्यातील उणीव त्याच्याच लौकिकाला चिकटते. एक साम्य मात्र लक्षणीय आहे. गिटारीतही यंत्राने न होणारे किंवा महाग पडणारे काम म्हणजे पडद्यांची अखेरची घासणी व समतोल, म्हणजे तार जेथे टेकते तेथलेच काम होय.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. कयाधू नदीकाठचे नरसी हे संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मस्थान म्हणून परंपरेने प्रसिद्ध आहे. काही अभ्यासक हा मान पंढरपुरास देतात. या भागात वीणा ही मैफलीची वस्तू नाही. वारकरी वीणा रचनेने लहान तंबोरीच्या जवळची असून ती गळ्यात अडकवून वाजविली जाते. दिंडीत विणेकऱ्याचा मान मोठा असतो. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली टेकवायची नाही असा दंडक आहे. गावकरी पाळीपाळीने ती गळ्यात घेऊन उभे राहतात व रात्रंदिवस पहारा चालू ठेवतात. अनेक हातांतून जाणाऱ्या, ऊन-पाऊस व धक्के सोसणाऱ्या अशा वाद्याला जाड तबली व भक्कम सांधा हाच गुण ठरतो. टाळ-पखवाजाच्या घोषात जवारीचे सूक्ष्म झंकार ऐकूही येत नाहीत. म्हणून येथे साधी वीणा ही उंची वीणेची निकृष्ट आवृत्ती मानणे चूक आहे. तिची मागणीच वेगळी आहे आणि त्या मागणीला ती पुरी पडते.

याच जिल्ह्यातील संगीताच्या विद्यार्थ्याची स्थिती अशी नाही. मराठवाड्याच्या कडक उन्हाळ्यात लाकूड आकसते, खुंट्या निसटतात. पावसाळ्यात त्या फुगून घट्ट बसतात. वापराने तारांच्या खोबणी पडून जवारी बसते व ती पुनःपुन्हा उघडावी लागते. मिरजेचे कारागीर पुणे-मुंबईकडे जवारीसाठी जातात. लहान गावी तंबोराच त्यांच्याकडे न्यावा लागतो आणि प्रवासात भोपळा फुटण्याची धास्ती असते. निगेअभावी उत्तम तंबोराही काही वर्षांत साध्याच्या पंक्तीस बसतो. दूरच्या ग्राहकाला महाग वाद्य घेण्यास धजावू न देणारे कारण पैशाइतकेच हेही आहे.

ही अडचण दुसऱ्याच साधनाने दूर केली. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला आणि आता तोच नाद मोबाइलमध्येही मिळतो. तो उतरत नाही, फुटत नाही, जवारी मागत नाही. मैफलीच्या तंबोऱ्यावर याचा परिणाम मर्यादित राहिला. विद्यार्थ्याच्या साध्या तंबोऱ्याची गरज मात्र त्याने बव्हंशी भागविली. वस्तुतः नवशिक्या कारागिराचा हात याच साध्या वाद्यांवर बसत असे. तबली किती तासावी, जवारी कोठे थांबवावी, हे तो चुका परवडणाऱ्या वाद्यांवर शिके. मिरजेची सतार व तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली, त्यामुळे नावाची नक्कल रोखण्यास आधार मिळाला आहे. वाद्यातील जवारीची प्रत अशा नोंदणीने ठरत नाही. ती ठरविणारे कान आणि हात तयार होण्यासाठी साध्या तंबोऱ्यांचे काम कारखान्यात येत राहावे लागते. वारकरी वीणेला यंत्राचा पर्याय अद्याप निर्माण झालेला नाही, कारण ती पहाऱ्यात गळ्यात धारण करावयाची असते, आणि तिची मागणी पंढरपूर व मराठवाड्याकडून टिकून आहे.