मुरुडहून एल्सिनोरला : एका छोट्या सहलीची पूर्वतयारी

कोपनहेगन चार दिवसांत पाहून होते, असे सहल-कंपन्यांची माहितीपत्रके सांगतात. त्यांच्या दृष्टीने ते खरेही आहे. १९१३ साली बसवलेला जलपरीचा पुतळा, १८४३ पासून चालू असलेले तिवोली उद्यान, राजवाड्यापुढील पहारा बदलण्याचा सोहळा, कालव्यातील नौकाविहार आणि उरलेल्या वेळात खरेदी, असा त्यांचा क्रम असतो. येत्या उन्हाळी सुट्टीत या शहरी जाण्याचा बेत रत्नागिरीतील आम्ही काही मराठीचे अध्यापक करीत आहोत. माहितीपत्रकातील स्थळांविषयी आमची तक्रार नाही. मात्र कोणत्याही प्रवासाची यादी ही प्रवाशाच्या वाचनाची यादी असते, आणि मराठी वाचकाची यादी थोडी निराळी निघायला हवी, असे आम्हांस वाटते. ती का व कशी, हे येथे मांडायचे आहे.

आधी व्यवहाराच्या गोष्टी. डेन्मार्क शेंगेन करारात आहे, तेव्हा व्हिसा त्या पद्धतीचा लागतो. चलन मात्र युरो नव्हे, क्रोन. आपली रत्नागिरी सुमारे १७ अक्षांशावर, तर कोपनहेगन ५५ च्याही पुढे. त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस तेथे रात्री नऊनंतरही उजेड असतो, आणि चार दिवसांच्या सहलीत पाच दिवसांचे काम होऊ शकते. हा वाढीव उजेड कशासाठी वापरावा, हाच खरा प्रश्न.

शहरात आम्ही दोन ठिकाणे निश्चित केली आहेत. पहिले राष्ट्रीय संग्रहालय. डेन्मार्कने १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून तरंगमबाडी हे किनाऱ्यावरचे गाव खंडाने मिळवले आणि तेथे किल्ला बांधला. पुढे १६७५च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले, आणि डॅनिश व्यापारी खंड भरू लागले तो भोसल्यांच्या दरबारात. १८४५ साली ही वसाहत इंग्रजांना विकली जाईपर्यंतच्या सव्वादोनशे वर्षांतला मोठा काळ हा कोपनहेगन आणि एक मराठी राजघराणे यांच्या शेजाराचा काळ आहे. सरफोजीराजांना शिकवणारे मिशनरी श्वार्ट्झ हेदेखील १७५० साली प्रथम तरंगमबाडीलाच उतरले होते. दुसरे ठिकाण म्हणजे १६४२ साली पुरा झालेला गोल मनोरा. त्यात वर जायला पायऱ्या नाहीत, वळत जाणारी उतरण आहे. विद्यापीठाचे ग्रंथालय पूर्वी शेजारच्या चर्चच्या माळ्यावर होते आणि त्याची वाट या मनोऱ्यातून जात असे. भाषाविज्ञानाच्या तासाला ज्यांचे नाव आपण ग्रिमच्या आधी घेतो ते रास्मुस रास्क १८२० साली इराणमार्गे मुंबईस आले, अवेस्ता व पाली हस्तलिखिते जमवून १८२३ साली परतले आणि काही वर्षांनी याच ग्रंथालयाचे ग्रंथपाल झाले. परीक्षेपुरते पाठ केलेले एक नाव तेथे चढणीच्या वाटेवर भेटेल.

परंतु वेळ कमी पडला तर ही दोन्ही ठिकाणे सोडावयास आम्ही तयार आहोत. सोडावयाचा नाही तो एल्सिनोरचा दिवस.

एल्सिनोर, डॅनिश उच्चाराप्रमाणे हेल्सिंग्योर, हे गाव कोपनहेगनच्या उत्तरेस आगगाडीने पाऊण तासावर आहे. तेथे समुद्र इतका अरुंद होतो की चार-पाच किलोमीटरवरचा स्वीडनचा किनारा सहज दिसतो. या चिंचोळ्या जागी पंधराव्या शतकापासून १८५७ पर्यंत डॅनिश राजे येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांकडून जकात घेत. आज दिसणारा क्रोनबोर्गचा किल्ला दुसऱ्या फ्रेडरिकने १५७४ ते १५८५ या काळात उभारला, तो त्या जकातीच्या बळावर. जग त्याला हॅम्लेटचा किल्ला म्हणून ओळखते. वस्तुतः साक्सो ग्रामाटिकस या बखरकाराने बाराव्या-तेराव्या शतकाच्या संधीवर लिहिलेली आम्लेथची कथा या गावची नव्हे, युटलंडची आहे. आणि शेक्सपिअर येथे येऊन गेल्याचा पुरावा नाही. तरीही वर्षानुवर्षे माणसे येतात आणि तटावर भूत कोठे उभे राहिले असेल ते शोधतात. एका वाचनामुळे हे स्थळ हॅम्लेटचे झाले. तसे असेल तर आपल्या वाचनातले एल्सिनोर तेथे शोधण्याचा अधिकार मराठी वाचकालाही आहे.

आपल्या वाचनात हे गाव आले ते गोपाळ गणेश आगरकरांमुळे. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्या दिवसांत आगरकरांनी 'हॅम्लेट'च्या भाषांतराचे काम केले, असे सांगितले जाते. 'विकारविलसित' या नावाने ते १८८३ साली प्रसिद्ध झाले. ज्या नाटकातला राजपुत्र आपल्या देशालाच बंदिशाळा समजतो ते नाटक बंदिशाळेतला माणूस मराठीत आणीत होता, ही गोष्ट वर्गात सांगताना आम्ही नेहमी क्षणभर थांबतो. हॅम्लेट मराठीत चंद्रसेन झाला आणि पुढे गणपतराव जोशी यांनी ती भूमिका महाराष्ट्रभर गाजवली. आगरकरांनी डेन्मार्क कधी पाहिला नाही. लांबचा प्रवास त्यांना ठाऊक होता तो पायांचा : शिक्षणासाठी कऱ्हाडहून घाट उतरून ते चालत रत्नागिरीस आले होते. येथे त्यांना फार काळ राहता आले नाही.

दुसरा चालणारा मुलगा आमच्याच जिल्ह्यातला. धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८चा, खेड तालुक्यातल्या शेरवलीचा. बालपण दापोली तालुक्यातल्या मुरुडला गेले. १८७५ साली सरकारी परीक्षेला बसण्यासाठी ते पावसाळी दिवसांत सह्याद्री ओलांडून शंभरांहून अधिक मैल चालत साताऱ्यास गेले. तेथे त्यांची चण पाहून, हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही. त्याच १८७५ साली कोपनहेगन विद्यापीठाने स्त्रियांना प्रवेश देण्याचा निर्णय केला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. तो जोडण्याचे काम पुढे याच मुलाच्या हातून व्हायचे होते.

१८९१ साली कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. टिळकांनी संस्था सोडल्यामुळे ती जागा रिकामी झाली होती, आणि लवकरच आगरकर तेथे प्राचार्य झाले. असे हे दोन पायी चालणारे एका छताखाली आले. १८९३ साली कर्वे यांनी देवरुखच्या गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी, पुनर्विवाह केला. ज्या मुरुडसाठी त्यांनी सात वर्षांपूर्वी 'मुरुड फंड' उभा केला होता, त्याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. ते घरी येऊन राहिले तर घरच्यांनाही वाळीत टाकण्याचे ठरले. आईच्या दारी जाणे हा आता अवघड प्रवास झाला.

हे सर्व लक्षात ठेवून १९२९कडे पाहावे. मार्च महिन्यात, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, कर्वे युरोपच्या प्रवासाला निघाले. त्यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठास १९२० साली ठाकरसी यांची पंधरा लाखांची देणगी मिळाली होती, परंतु सरकारी मान्यता अजून नव्हती. ती स्वातंत्र्यानंतर आली. या विद्यापीठाविषयी जगाला सांगावे आणि जमेल तेवढे द्रव्य गोळा करावे, हा प्रवासाचा हेतू. लंडनमध्ये व्याख्यान झाले. जुलैअखेर जिनिव्हाच्या शिक्षणपरिषदेत हिंदुस्थानातील स्त्रियांच्या उच्च शिक्षणाच्या प्रयोगावर ते बोलले. नंतर ८ ते २१ ऑगस्ट या काळात 'न्यू एज्युकेशन फेलोशिप'च्या जागतिक परिषदेसाठी ते एल्सिनोर येथे होते. तेथून पुढे अमेरिका, जपान करून ते दुसऱ्या वर्षी परतले. या प्रवासाची हकिकत १९१५च्या मराठी 'आत्मवृत्ता'त असणे शक्यच नव्हते. ती १९३६च्या 'लुकिंग बॅक' या इंग्रजी आत्मचरित्राच्या काळातली. मराठी वाचकाच्या मनात कर्वे हिंगण्याच्या माळावर जितके दिसतात तितके बाल्टिकच्या तोंडाशी दिसत नाहीत, याचे एक कारण हेही असावे.

त्या ऑगस्टमध्ये रत्नागिरीत काय चालले होते? सावरकर येथे १९२४ पासून स्थानबद्ध होते आणि जिल्ह्याबाहेर जाण्याची त्यांना मनाई होती. हिंदू समाजाने स्वतःच्या पायांत घालून घेतलेल्या सात बेड्यांत ते सिंधुबंदीही मोजत. परंतु १८८६ साली व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेस गेलेल्या रामकृष्णपंत भांडारकरांच्या पिढीला जितका प्रायश्चित्ताचा विचार करावा लागला, तितका १९२९ साली उरला नव्हता. कर्वे यांच्या चरित्रात आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे की, समुद्राने त्यांची वाट फारशी अडवली नाही. ती अडवली मुरुडच्या वेशीने.

एल्सिनोरच्या त्या परिषदेला शिक्षणाच्या इतिहासात स्थान आहे. मारिया माँटेसरी तेथे होत्या, आणि त्यांच्या पद्धतीची आंतरराष्ट्रीय संघटना त्याच वेळी तेथेच स्थापन झाली. गावात १९२१ पासून आंतरराष्ट्रीय लोकविद्यालय चालू होते. ग्रुंटविग यांच्या विचारातून १८४४ पासून डेन्मार्कमध्ये लोकविद्यालये निघाली, त्या परंपरेतले ते. शेतकऱ्यांच्या मुलांना लॅटिनच्या दडपणाखाली न ठेवता त्यांच्या बोलत्या भाषेत शहाणे करावे, हा ग्रुंटविग यांचा आग्रह. कर्वे यांच्या विद्यापीठाचा पायाही हाच होता : इंग्रजी हा विषय शिकवावा, परंतु शिक्षण मातृभाषेतून द्यावे. मान्यता नसलेल्या त्या विद्यापीठाचा संस्थापक ज्या देशात दोन आठवडे राहिला, तेथे ही कल्पना तोवर शेतकऱ्यांच्या दोन-तीन पिढ्यांच्या अंगवळणी पडली होती.

येथे आमच्या सहलीचा खरा प्रश्न उभा राहतो. डेन्मार्कची लोकसंख्या आज साठ लाखांच्या आसपास आहे, आणि तेथील सर्वसाधारण मूल डॅनिशमध्येच शाळा शिकते. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटींहून अधिक होते; २०२४ साली आपल्या भाषेस अभिजात दर्जाही मिळाला. असे असूनही मराठी माध्यमाच्या शाळेत मूल घालताना आपल्यातले सुशिक्षित पालक अडखळतात, आणि त्यांत मराठीचे अध्यापक नसतात असे नाही. डेन्मार्कला राज्यसत्ता होती, आपल्याला पारतंत्र्य होते, हे उत्तर १९२९ साली पुरेसे होते. आज ते अर्धेच पुरते. उरलेले अर्धे आपल्या निवडीचे आहे, आणि कर्वे यांनी मान्यतेची वाट न पाहता ती निवड केली होती.

म्हणून आमच्या कार्यक्रमात दुसरा दिवस पूर्ण एल्सिनोरला दिला आहे. सकाळी क्रोनबोर्ग, सोबत 'विकारविलसित'ची प्रत. दुपारी लोकविद्यालय बाहेरून, आणि परवानगी मिळाली तर आतूनही. तेथील शिक्षकांना विचारायच्या प्रश्नांची यादी आम्ही आतापासून करीत आहोत. ज्यांना एवढ्या लांब जाणे जमणार नाही त्यांनी या सुट्टीत दापोलीहून मुरुडला जावे. समुद्र तेथेही आहे, आणि कर्वे यांच्या प्रवासातला अवघड टप्पा पाहायला व्हिसा लागत नाही.