तळटीप : बोटांवरचे खडे
* लेखकाने ज्यांना ‘खडे’ म्हटले आहे ते गाऊटचे, म्हणजे वातरक्ताचे. यूरिक ॲसिडचा सुमारे दोन तृतीयांश भाग मूत्रपिंडे बाहेर टाकतात. ती मंदावली की रक्तात साचलेल्या ॲसिडचे टोकदार स्फटिक सांध्यांत बसतात आणि काही वर्षांनी कातडीखाली खडूसारखा पांढरा गर असलेल्या गाठी दिसू लागतात. बारामती-इंदापुरात अशा माणसाची तूरडाळ घरचे आधी बंद करतात. डाळीचा दोष फारसा नसतो. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात भर उन्हात, घोटभर पाण्यावर ऊस तोडणाऱ्याने दुकानातून डायक्लोफिनॅकची गोळी घेत राहणे जास्त घातक, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते : ठणका उतरतो, मूत्रपिंड आणखी खचते. यूरिक ॲसिड कमी करणारे ॲलोप्युरिनॉल अशा रुग्णालाही देता येते; मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अगदी थोड्या मात्रेपासून. — संपा.