जलसा : करमणुकीकडून परिवर्तनाकडे

महाराष्ट्रातील समाजपरिवर्तनाचा इतिहास बहुधा सभा, सत्याग्रह आणि वृत्तपत्रे यांच्या आधारे सांगितला जातो. ढोलकी-तुणतुण्याच्या साथीने गावोगावी पोहोचलेल्या जलशाला त्यात दुय्यम स्थान मिळते. वास्तविक १९३१च्या जनगणनेत देशातील साक्षरतेचे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी होते. अशा समाजात छापील शब्दापेक्षा गायलेला शब्द अधिक दूर जाणार, हे उघड होते.

जलशाचा साचा तमाशाचा. गण, गवळण, बतावणी आणि वग ही त्याची अंगे. तमाशा जिवंत ठेवणारे कलावंत प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी या जातींतील होते. त्यांच्या कलेला दाद मिळे. गावात मान मात्र मिळत नसे. काय सादर करायचे, हेही बहुतांशी प्रेक्षकांच्या मर्जीवर ठरे. जलशाने नेमकी हीच स्थिती पालटली.

या परंपरेची पूर्वखूण महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५मध्ये लिहिलेल्या 'तृतीय रत्न' या नाटकात दिसते. ग्रहांची भीती घालून शेतकरी दाम्पत्याला लुबाडणारा जोशी त्यात आहे आणि अखेरीस त्या दाम्पत्याने केलेला शिकण्याचा निर्धारही आहे. दक्षिणा प्राइज कमिटीने हे नाटक नाकारले. १८७३मध्ये सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि पुढे त्याच्या कार्यकर्त्यांनी हा आशय तमाशाच्या साच्यात बसवला. गणातील वंदनेला नवा अर्थ आला. बतावणी आणि वगातून कर्मकांड, सावकारी व लग्नकार्यातील उधळपट्टीवर टीका होऊ लागली.

महाडचा १९२७चा चवदार तळ्याचा आणि नाशिकचा १९३०चा काळाराम मंदिराचा सत्याग्रह, या पार्श्वभूमीवर आंबेडकरी जलसे उभे राहिले. नाशिक जिल्ह्यातील शाहीर भीमराव कर्डक हे त्यांतील अग्रणी. मुलांना शाळेत घाला, मृत मांस सोडा, पाणवठ्यावरचा हक्क मागा, हा संदेश वस्त्यावस्त्यांत गेला. बतावणीत एकाने भोळे प्रश्न विचारायचे आणि दुसऱ्याने उत्तरे द्यायची, अशी रीत असते. त्यामुळे प्रेक्षकाच्या मनातली शंका रंगमंचावर मोठ्याने बोलली जाई. लिहिणारे, गाणारे आणि ऐकणारे एकाच वस्तीतले असल्याने ते उत्तर परके वाटत नसे.

अण्णा भाऊ साठे यांनी हा वारसा कामगार चळवळीत नेला. जेमतेम दीड दिवस शाळेत गेलेल्या अण्णा भाऊंनी १९४४मध्ये शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह 'लाल बावटा कलापथक' उभे केले. त्यांच्या गणात गणपतीऐवजी मायभूमीला वंदन असे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांनी मैदाने गाजवली. अण्णा भाऊंच्या 'फकिरा' या कादंबरीला पुढे राज्य शासनाचा पुरस्कारही मिळाला. तरीही १९६९मध्ये त्यांचे निधन झाले ते हलाखीतच. प्रौढपणी मुंबईत अक्षरे गिरवणारे वामनदादा कर्डक यांची असंख्य गीते आजही आंबेडकर जयंतीला गायली जातात.

प्रतिभा ही जन्मजात वर्णाची वा पदवीची मिरासदारी आहे, हा समज या कलावंतांनी कृतीने खोडून काढला. मात्र केवळ गाण्याने समाज बदलला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. सत्यशोधक समाज, आंबेडकरी चळवळ आणि कामगार संघटना पाठीशी होत्या, म्हणूनच जलसा संपल्यावर श्रोत्यांना पुढची वाट दिसत होती. आज शाहिरांच्या जयंत्या थाटाने साजऱ्या होतात. त्यांच्या वस्त्यांतील नव्या मुलांना लिहिण्या-गाण्याची संधी किती मिळते, हा प्रश्न त्या थाटात हरवू नये.