खल ते बॉल मिल : कोरड्या रसायनाचा मागोवा

पदार्थ विरघळल्यावाचून त्यांची एकमेकांवर क्रिया होत नाही, हे युरोपातले जुने वचन. ते ॲरिस्टॉटलच्या नावावर सांगितले जाते. शाळेतल्या परीक्षानळीपासून औषधांच्या कारखान्यापर्यंत रसायनशास्त्र त्याच वाटेने चालत आले. त्याची किंमत मोठी आहे. औषधनिर्मितीत खर्ची पडणाऱ्या एकूण मालात निम्म्याहून अधिक वजन द्रावकांचे असते, आणि ते पुढे जाळावे तरी लागते किंवा शुद्ध करून परत वापरावे लागते. म्हणून आज संशोधक पुन्हा कोरड्या वाटेकडे वळले आहेत. ही वाट मात्र नवी नाही.

इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरीस थिओफ्रास्टसने दगडांवरील आपल्या ग्रंथात एक कृती नोंदवली : हिंगूळ व्हिनेगरसह तांब्याच्या खलात तांब्याच्याच बत्त्याने घोटला की पारा सुटतो. आपल्याकडच्या रसशास्त्रात याच्या उलट प्रवास आहे. शुद्ध पारा आणि गंधक खलात कोरडेच घोटून कज्जली करतात. पुण्याच्या आनंदाश्रमाने छापलेल्या ‘रसरत्नसमुच्चया’त खलांचे प्रकारही वर्णिले आहेत. कज्जली झाली हे ओळखायचे कसे? ती काजळासारखी काळी व मऊ व्हावी आणि ‘निश्चंद्र’ व्हावी, म्हणजे पाऱ्याची चमक कुठेही उरू नये. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो. क्रिया पूर्ण झाल्याची ती डोळ्यांनी घ्यायची परीक्षा आहे.

१८२० साली मायकेल फॅरडेने सिल्व्हर क्लोराइड जस्तासह खलात घोटून चांदी मोकळी केली. पण घोटताना उष्णता निर्माण होतेच. मग ही करामत उष्णतेचीच नव्हे काय? या शंकेला उत्तर दिले फिलाडेल्फियाच्या मॅथ्यू केरी ली यांनी, १८९०च्या दशकात. सिल्व्हर क्लोराइड तापवले तर ते न फुटता वितळते. मर्क्युरिक क्लोराइड तापवले तर तसेच वाफ होऊन उडते. पण खलात जोराने घोटले तर दोन्हींचे विघटन होते. जे तापवून होत नाही ते घोटून होते. तेव्हा घर्षणाला स्वतःचे रसायन आहे. खल आणि बत्ता एवढ्याच साधनांवर उभा केलेला इतका नेटका युक्तिवाद विज्ञानाच्या इतिहासात थोडाच सापडेल.

पुढे हाताची जागा यंत्राने घेतली. बॉल मिल म्हणजे फिरणारे भांडे आणि त्यात आदळणारे कठीण गोळे. खनिज व सिमेंट दळणारे हे यंत्र १९६०च्या दशकात जॉन बेंजामिन यांनी निकेलचे उष्णतारोधी मिश्रधातू घडवायला लावले. १९९४मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी डीडीटी कॅल्शियम ऑक्साइडबरोबर दळून नष्ट करून दाखवले. २००६मध्ये स्टुअर्ट जेम्स आणि सहकाऱ्यांनी सच्छिद्र धातू-सेंद्रिय जालक द्रावकाशिवाय दळून तयार केले. २०१९मध्ये आंतरराष्ट्रीय रसायन संघटनेने, आयुपॅकने, दहा उदयोन्मुख तंत्रांच्या यादीत याच कुळातल्या, स्क्रूच्या दाबाखाली होणाऱ्या ‘रिॲक्टिव्ह एक्स्ट्रूजन’ला स्थान दिले.

हे वाचून ‘आमच्या पूर्वजांना हरित रसायन ठाऊक होते’ असे म्हणण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. कज्जली करणाऱ्याला द्रावक वाचवायचे नव्हते, औषध करायचे होते. आणि त्या औषधात पारा आहे, हे विसरून चालणार नाही. पण रसायनाचा इतिहास लिहिताना खलाला केवळ वैद्याची अडगळ समजणे हेही तितकेच चूक.

मोह दुसऱ्या बाजूलाही आहे. द्रावक वगळला की काम हरित झाले, असे नव्हे. गिरणी वीज खाते, गोळे झिजून लोखंडाचे कण मालात उतरतात, आणि दळून झालेला पदार्थ शुद्ध करताना पुष्कळदा द्रावकच लागतो. हा सारा हिशेब मांडल्यावर जे उरेल तेवढाच लाभ खरा. ‘निश्चंद्र’ झाल्याशिवाय घोटणे न थांबवणाऱ्यांची ती शिस्त आजच्या दाव्यांनाही लावावी.