एक जुना जाहीरनामा आणि आमची खोती

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत आमच्या दाराखालून सात-आठ पत्रकं आत आली. प्रत्येकावर हात जोडलेला फोटो आणि खाली 'सर्वांगीण विकास', 'युवकांना न्याय' वगैरे. आमच्या भागात दिवसाआड येणाऱ्या पाण्याचं हे लोक काय करणार, ते मात्र एकाही पत्रकात नव्हतं. ती रद्दीत टाकताना मला एक जुना जाहीरनामा आठवला. तो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा जरा अस्वस्थच झालो होतो. का, ते पुढे सांगतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३५ च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता मिळाली होती आणि मुंबई प्रांताच्या १७५ जागांच्या विधानसभेची निवडणूक फेब्रुवारी १९३७ मध्ये व्हायची होती. आजच्या आपल्या विधानसभेची ती आजीच म्हणायची! मत मात्र सगळ्यांना नव्हतं. ज्याच्याकडे थोडीफार मालमत्ता, कर भरल्याची पावती किंवा शिक्षण असेल, त्यालाच.

बाबासाहेब स्वतः भायखळा-परळ या गिरणगावाच्या भागातून उभे होते. समोर काँग्रेसतर्फे पाळवणकर बाळू, म्हणजे १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारे प्रसिद्ध गोलंदाज. अस्पृश्य समाजातला दुसरा मोठा माणूस. एकीकडे बाळू आणि एकीकडे बाबासाहेब. मतदारांना निवड सोपी गेली नसणार. बाबासाहेब जिंकले, पण फार मोठ्या फरकाने नाही.

त्या जाहीरनाम्यात काय होतं? गिरणी कामगारांसाठी कामाचे तास, पुरेशी मजुरी, पगारी रजा, स्वस्त आणि आरोग्याला धड अशी घरं. शेतकऱ्यांसाठी भूतारण बँका आणि सहकारी संस्था. बेकारांना सरकारी बांधकामांवर काम. तांत्रिक शिक्षण. खेड्यांची आखणी, तिथे सभागृहं, वाचनालयं, चक्क फिरते सिनेमेसुद्धा! कुळांना जमीनदारांच्या पिळवणुकीपासून आणि जमिनीवरून हुसकावलं जाण्यापासून संरक्षण हवं, असंही त्यात होतं, आणि त्या जमीनदारांत खोत आलेच.

इथे मी अडखळलो. कारण माझे पणजोबा खोत होते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. खोती ही मुख्यतः रत्नागिरीत, आणि कुलाबा व ठाण्याच्या काही भागांत होती. गावाचा सारा खोताने सरकारात भरायचा आणि कुळांकडून वसूल करायचा. भरणा आणि वसुली यांच्यात जे उरेल ते खोताचं. त्याशिवाय कुळाने खोताच्या घरी वेठ करायची. सरकारला वसुलीची कटकट नको होती, खोताला हिशेब विचारणारं कोणी नव्हतं, आणि कुळाला जमीन आपली म्हणायची सोय नव्हती.

आमच्या घरात ही गोष्ट वेगळ्या तऱ्हेने सांगितली जाई. 'आपली जमीन गेली.' बस, एवढंच. दर मे महिन्यात पडवीत बसून कोणीतरी मोठा माणूस हात लांब करून दाखवायचा, 'त्या वडापासून खाडीपर्यंत आपलं होतं हो!' कसत कोण होतं, हे कोणी सांगितलं नाही. आम्हीही कधी विचारलं नाही.

निवडणुकीत काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरली आणि जुलै १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. स्वतंत्र मजूर पक्षाने सतराच उमेदवार उभे केले होते. त्यातले बहुतेक निवडून आले, पण ते बसले विरोधी बाकांवर. म्हणजे जाहीरनामा विसरायला उत्तम सबब! पण त्याच वर्षी सप्टेंबरात बाबासाहेबांनी खोती रद्द करणारं विधेयक मांडलं. आमच्या घरातल्या आठवणींवरून मला वाटलं होतं, त्यात 'खोतांकडून ओरबाडून घ्या' असं असेल. तसं नव्हतं. खोताला हक्काबद्दल वाजवी भरपाई द्यावी आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याला सरकारी दप्तरात जमीनधारक म्हणून नोंदवावं, असा तो मामला होता.

सरकार हललं नाही. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले. पुढे महायुद्ध सुरू झालं, १९३९ च्या अखेरीला मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि विधेयक तसंच राहिलं. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. तेव्हाही मुख्यमंत्री खेरच होते!

कामाच्या तासांचंही असंच. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला तो १९४६ च्या दुरुस्तीने. म्हणजे १९३६ च्या कागदावरची एक ओळ खरी व्हायला दहा वर्षं लागली, दुसरीला तेरा.

मला वाटतं, जाहीरनाम्याची परीक्षा सत्ता मिळाल्यावर होते हे अर्धंच खरं. सत्ता न मिळाल्यावर उमेदवार त्याचं काय करतो, तिथेही ती होते. आणि ज्यात कोणाकडून काय काढून कोणाला देणार हे लिहिलेलं नाही, त्याची परीक्षा घ्यायची तरी कशी? 'सर्वांगीण विकासा'ला विरोध करायला कोण उभा राहणार? खोतीविरुद्धच्या त्या विधेयकाला विरोध करणारे होते, आणि त्यांत कदाचित माझे पणजोबाही असतील.

गेल्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा मुलाला वडाशी नेलं. खाडीपर्यंत हात लांब करून म्हटलं, "हे ज्यांनी पिढ्यानपिढ्या कसलं, त्यांचं आहे." पडवीतून काका बघत होते. काही बोलले नाहीत, पण चहा मात्र त्यांनीच पाठवला.